घरी जोडलेला संगणक : सुटे भाग कसे निवडावेत?



गाडीला एका अंगाला खिलारी बैल आणि दुसऱ्या अंगाला मरतुकडा जुंपला, तर गाडी कोणाच्या चालीने चालेल? तुम्ही म्हणाल, 'हे काय विचारणं झालं? मरतुकड्याच्या!' अगदी बरोबर. शेतात हा हिशेब आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. पण संगणकाच्या दुकानात उभे राहिलो, की आपण तो साफ विसरतो. एका भागावर सगळी थैली रिकामी करतो आणि बाकीचे भाग उरल्यासुरल्या पैशांत भागवतो. मग घरी यंत्र का रखडते, हे कोडे उलगडत नाही.

अलीकडे पुष्कळ शिक्षक आपल्या धड्यांच्या चित्रफिती स्वतः तयार करतात. कोणी गावच्या जत्रेचे, भजनाचे चित्रण करतो. कोणी तरुण लग्नाचे फोटो काढून त्यावर घर चालवतो. ही मंडळी मला विचारतात, 'सर, सुटे भाग आणून यंत्र घरीच जोडलं तर चालेल का? आणि भाग घ्यायचे तर कोणते?' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे पुस्तकी वाटणार नाही. २०१६ साली मी पहिले यंत्र घरी जोडले. आमची आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात होती. जात्यावरच्या ओव्या तिला शेकड्यांनी पाठ. सुट्टीत गावी जाऊन सलग तीन दुपारी मी तिच्यासमोर कॅमेरा ठेवला, आणि तिने जुन्या जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून ओव्या म्हटल्या. ते सारे चित्रण मी नव्या यंत्रात उतरवले. यंत्र दिसायला मोठे राजबिंडे! भारी प्रोसेसर, काचेची पेटी, आत निळे दिवे. पैसे तिथेच संपले. म्हणून वीजपुरवठ्याचा डबा मिळेल तो स्वस्तातला घेतला, दुसरी डिस्क 'पुढच्या पगाराला बघू' म्हणून राहू दिली, आणि कॅमेऱ्यातले कार्ड पुसून पुन्हा वापरात आणले. आत्या त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गेली. पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. खोलीत जळका वास सुटला. डबा गेला, आणि जाताना डिस्कही घेऊन गेला. भारी प्रोसेसर मात्र शाबूत राहिला. डबा नवा मिळाला, डिस्क नवी मिळाली. ओव्या कोण देणार?

तेव्हा भाग निवडताना वेग किती, एवढाच प्रश्न नसतो. आपण जे यंत्राच्या हवाली करणार ते टिकेल का, हाही प्रश्न असतो. आता क्रमाने पाहू.

यंत्र घरी जोडता येते, ते कशामुळे? १९८१ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या मंडलांचे नकाशे तिने माहितीपुस्तकात छापले होते. त्यामुळे इतरांना त्याला जुळणारे भाग आणि पुढे जुळणारी यंत्रे करता आली. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. मदरबोर्ड केवढा, स्क्रूची भोके कुठे, वीजपुरवठ्याचा डबा कसा बसेल, हे सारे त्यात आले. दरवाजाचे माप ठरलेले असले, की चौकट एका सुताराची आणि फळी दुसऱ्याची चालते. तसेच हे. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर निरनिराळ्या कंपन्यांचे भाग घेतले, तरी घरी येऊन ते एकमेकांत बसतात.

आता काम किती जड आहे ते पाहू. कारण ओझे किती, ते ठरल्याशिवाय बैल घ्यायचा नसतो.

फोटो घ्या. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक फोटो म्हणजे आडवे ६,००० आणि उभे ४,००० ठिपके, मिळून दोन कोटी चाळीस लाख. चांगल्या प्रतीने उघडला, तर एका ठिपक्याला सहा बाइट लागतात. म्हणजे एका फोटोला चौदा कोटी चाळीस लाख बाइट, सुमारे १४४ मेगाबाइट. त्यावर तुम्ही पाच थर चढवले, की पाचपट. शिवाय 'मागे जा' म्हटल्यावर मागे जाता यावे, म्हणून आधीच्या अवस्थाही यंत्र जपून ठेवते. फोटोचे काम मेमरी खाते ते असे.

चित्रफितीचे गणित याहून मोठे. ४के म्हणतात त्या चित्रणात एका फ्रेममध्ये ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला ३० फ्रेमा धरल्या, तर एका सेकंदाचे सुमारे ७५ कोटी बाइट होतात, आणि एका मिनिटाचे जवळजवळ ४५ गिगाबाइट. पण तुमच्या मोबाइलवर तेच एक मिनिट साधारण १७० ते ३५० मेगाबाइटांत मावते. मग बाकीचे गेले कुठे?

इथे वाण्याची उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवशी तो पूर्ण बाकी लिहितो. पुढे रोज फक्त 'इतके नेले, इतके दिले' एवढेच. जागा वाचते. पण मधल्याच एका दिवसाची बाकी विचारली, तर त्याला मागच्या पूर्ण बाकीपासून बेरीज-वजाबाकी करीत यावे लागते. चित्रफितीचेही तसेच आहे. २००३ साली मान्य झालेली एच.२६४ आणि २०१३ सालची एच.२६५ या आवळण्याच्या पद्धतींत मधूनमधून एखादीच फ्रेम पूर्ण असते. बाकीच्यांत फक्त काय बदलले याची नोंद. सिनेमा नुसता पाहताना यंत्र ही वही सरळ वाचत जाते. संपादन करताना मात्र आपण पुढे उडी मारतो, मागे येतो, मध्येच कापतो. प्रत्येक उडीला यंत्राला मागे जाऊन हिशेब मांडत यावे लागते. म्हणूनच जे यंत्र सिनेमा छान दाखवते, तेच संपादनाला बसले की धापा टाकते.

हे काम यंत्रात कोण कोण करते? एक खळे कल्पा. कणगीत धान्य साठवलेले, ती डिस्क. कणसे पसरून मळणी चालते ते खळे, ती मेमरी म्हणजे रॅम. आणि मळणी करणारे गडी, तो प्रोसेसर. गडी चांगले पण खळे अरुंद, तर गडी वाट पाहत बसतात. खळे ऐसपैस पण कणगीचे तोंड चिंचोळे, तरी तीच गत.

प्रोसेसरपासून सुरुवात करू. संपादनाला आठ-दहा गड्यांचे काम पडते, पण सोळा-चोवीस गडी नेमून भागत नाही, त्यांना कामही पाहिजे. फोटोच्या पुष्कळ क्रिया एकदोन गड्यांवरच चालतात; तिथे संख्येपेक्षा एकेकट्याची चपळाई महत्त्वाची. चित्रफीत शेवटी बांधून काढताना मात्र अधिक हात उपयोगी पडतात. शाळेच्या किंवा लहान स्टुडिओच्या कामाला सहा ते आठ गाभ्यांचा अलीकडचा मध्यम प्रोसेसर पुरतो.

आता एक बारीक गोष्ट, जी दुकानदार आपण होऊन सांगेलच असे नाही. इंटेलने २०११ पासून आपल्या अनेक प्रोसेसरांत उधारीच्या वहीचा हिशेब करणारा एक स्वतंत्र कारकूनच बसवला आहे. त्याला क्विक सिंक म्हणतात. तो प्रोसेसरच्या चित्र-विभागात असतो. ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असते, त्यात हा चित्र-विभाग चालू नसतो. तो थोडा स्वस्त पडतो, म्हणून गिऱ्हाईक भुलते. चित्रफितीचे काम करणाऱ्याने, विशेषतः स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेणार नसेल तर, एफ घेऊ नये. पडद्यावर चित्रच येणार नाही! एएमडीच्या २०२२ पासूनच्या एएम-५ खोबणीच्या प्रोसेसरांत बहुधा लहानसा चित्र-विभाग असतो. तिथेही एफ अक्षर आले की तो नाही असे समजावे. जुन्या एएम-४ खोबणीच्या रायझनमध्ये नावात 'जी' असेल तरच तो मिळतो.

मेमरी किती? फोटो आणि साध्या चित्रफितीला १६ गिगाबाइट ही खालची पायरी. ४के चित्रणाला ३२ घ्यावी. एकाच मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे दोन वाटांनी ये-जा होते. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले. अशा वेळी १६ वर सुरुवात करून दोन खोबणी मोकळ्या ठेवणे शहाणपणाचे. त्यासाठी चार खोबणींचा मदरबोर्ड बघून घ्या.

डिस्कमध्ये तीन जाती. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० मेगाबाइट देते. साटा जातीची एसएसडी साडेपाचशेपर्यंत. एनव्हीएमई जातीची तीन हजार ते सात हजार, किंवा त्याहूनही अधिक. चालू कामासाठी एनव्हीएमई घ्या. पण सर्वांत वेगवान घेण्याची गरज नाही. आपण पाहिलेच, की मोबाइलचे चित्रण मिनिटाला तीनशे-साडेतीनशे मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला सहाच्या आसपास. तीन हजारांची वाट पुरे झाली. वाचलेल्या पैशांत साठवणीसाठी फिरत्या तबकडीची मोठी डिस्क घ्या. ती हळू असली तरी तेवढ्याच पैशांत कितीतरी अधिक साठवते.

आता ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर म्हणजे थोडे पण कसबी सुतार. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खुरपणीला एका रांगेत बसलेल्या शे-दोनशे बाया. प्रत्येकीचे काम लहान आणि सारखे, पण शेत बघता बघता साफ! ८३ लाख ठिपक्यांचे रंग एकाच रीतीने बदलायचे असतात, तेव्हा ही रांग कामी येते. कार्ड घ्यावे की नाही, हे तुमच्या साधनावर ठरते. दाविंची रिझॉल्व्ह हे संपादनाचे साधन कार्डावर फार विसंबते. ४के काम असेल तर कार्डावर स्वतःची ८ गिगाबाइट मेमरी असावी. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही विनामूल्य साधने कार्डावाचूनही चालतात. फोटोसाठी गिम्प आणि डार्कटेबल विनामूल्य मिळतात. माझे मत विचाराल तर, पहिल्या वर्षी कार्डावाचून चालवा. खोबण मोकळी आहे; पुढे केव्हाही बसवता येईल.

आणि एक युक्ती सांगतो, जिला पैसे पडत नाहीत. बहुतेक साधनांत मूळ चित्रणाच्या लहान नकला करून त्यांवर काम करण्याची सोय असते. त्या नकलांना प्रॉक्सी म्हणतात. कापाकापी लहान नकलेवर करायची, आणि शेवटी यंत्र आपोआप मूळ चित्रण घेऊन फीत बांधते. शिंपी आधी जुनेर कापून अदमास घेतो, मग भारी कापडाला कात्री लावतो, तसे. या युक्तीने मध्यम यंत्रही ४के काम ओढते.

मदरबोर्ड निवडताना तीनच गोष्टी पाहा. प्रोसेसरची खोबण जुळते का, मेमरीची जात जुळते का, आणि एनव्हीएमईच्या किमान दोन जागा आहेत का? रंगीत दिव्यांचे पैसे देऊ नका.

पडदा म्हणजे मॉनिटर. फोटो करणाऱ्याने इथे कंजुषी केली, की नवरीचा शालू यंत्रात तांबडा आणि कागदावर तपकिरी निघतो. आयपीएस जातीचा पडदा घ्यावा. बाजूने पाहिले तरी त्यातले रंग फारसे बदलत नाहीत. १९९६ साली पुढे आलेले एसआरजीबी नावाचे रंगांचे एक माप आहे. ते माप शंभर टक्के किंवा त्याच्या जवळपास दाखवणारा पडदा आहे ना, एवढे वाचून घ्या.

आता ज्याने मला रडवले त्या डब्याकडे येऊ. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतला २३० व्होल्टांचा प्रवाह घेऊन तो यंत्राला लागणारे लहान, स्थिर दाब तयार करतो. घरातला एकेक भाग त्याच्या हातून जेवतो. तोच बिघडला तर सगळ्यांच्या ताटात विष कालवले जाऊ शकते. ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर भर कामात शंभराच्या पुढे जाऊ शकतो. कार्ड नसेल तर चांगल्या प्रतीचा ४५० वॅटांचा डबा पुरतो. मध्यम कार्ड असेल तर ५५० ते ६५० वॅटांचा घ्यावा. '८० प्लस'ची खूण पाहावी. ही खूण २००४ साली सुरू झाली. ती एवढेच सांगते, की वीज फुकट किती कमी जाते. डब्याच्या टिकाऊपणाची ती हमी नव्हे. म्हणून हमीची वर्षेही पाहा. पाच वर्षे किंवा अधिक हमी देणारा डबा बरा. आत जादा दाबापासून आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे, असे लिहिलेले असावे.

त्याच्या जोडीला यूपीएस हवाच. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॅट, हे ध्यानात ठेवा. कार्ड नसलेल्या यंत्राला तो पुरतो. पण तासभर काम करण्यासाठी तो नसतो, काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरता असतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नये. आणि शाळेतल्या शिक्षकांनो, भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला खरेच अर्थिंग आहे का, हे आधी वायरमनकडून तपासून घ्या. पुष्कळ ठिकाणी भोक असते, तार नसते!

पैशांची वाटणी कशी करावी? समजा, तुमच्याकडे शंभर रुपये आहेत. कार्ड नसलेल्या पहिल्या यंत्रासाठी माझा अंदाज असा : प्रोसेसर बावीस, मदरबोर्ड तेरा, मेमरी चौदा, कामाची एसएसडी दहा, साठवणीच्या डिस्का दहा, वीजपुरवठ्याचा डबा सात, पेटी पाच, पडदा तेरा आणि यूपीएस सहा. झाले शंभर. भाव हलतील तसा एखाददुसरा रुपया इकडचा तिकडे करा. पण डबा, यूपीएस आणि साठवण यांचे तेवीस रुपये मात्र प्रोसेसरकडे वळवू नका. मी ते वळवले होते.

काटकसर करायचीच, तर पेटीत करा. दिवे नकोत, हवा खेळली म्हणजे झाले. प्रोसेसर किंवा मेमरी जुनी, चालू करून पाहून घेतली तरी चालते. जुना डबा आणि जुनी डिस्क मात्र घेऊ नये. त्यांचे आयुष्य किती उरले, ते वरून कळत नाही. पक्की पावती घ्या आणि भागावरचा क्रमांक तिच्यावर लिहून घ्या.

जोडताना घाई नको. वायर भिंतीतून काढा. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा लहान त्रिकोण खोबणीच्या त्रिकोणाशी जुळवा. तो आपल्या वजनाने बसला पाहिजे, दाबायचा नाही. पंख्याच्या तळाचे प्लॅस्टिक काढायला विसरू नका. चार खोबणींत दोनच पट्ट्या असतील, तर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागी त्या बसतात. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते पहिली. जे पुन्हा चित्रित करता येणार नाही, त्याच्या तीन प्रती हव्यात. त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या छपराखाली असावी. एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. कॅमेऱ्याचे कार्ड या तीन प्रती झाल्याशिवाय पुसायचे नाही. बाहेरची डिस्क प्रत करण्यापुरतीच लावा, एरवी कपाटात ठेवा; म्हणजे विजेचा तडाखा यंत्राला बसला, तरी तिला बसणार नाही.

आत्याच्या ओव्यांपैकी चार मिनिटे उरली आहेत. मी चित्रण करीत होतो, तेव्हा माझा भाचा दाराशी उभा राहून सहज मोबाइलवर घेत होता. चित्र हलते, मध्येच कोंबडा आरवतो, आणि ऐन ओवीत कोणीतरी चहा विचारायला येते. पण आवाज आत्याचा आहे. ती चार मिनिटे आता तीन जागी आहेत.

तुमच्याही घरात, आळीत, शाळेत असे कोणी म्हातारे माणूस असेल. यंत्र जमेल तेव्हा जमवा, पण चित्रण उद्याच करून ठेवा, मोबाइलवर का होईना. आणि दुकानात जाल तेव्हा, दिव्यांची पेटी पाहण्याआधी, दुसऱ्या डिस्कचे पैसे खिशात वेगळे बांधून ठेवा.